जुनं बॉम्बर सिम्युलेटरमध्ये उडवण्याआधी

संगणकावर काम करणारी आमच्या जिंतूर-परभणी भागातली मुलं अलीकडे मला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, त्रिमिती मॉडेल करायचं ब्लेंडर बऱ्यापैकी येतं. एखादं जुनं लढाऊ विमान फ्लाइट सिम्युलेटरसाठी करावं म्हणतो. किती दिवस लागतील?" मी त्यांना दिवस सांगत नाही. उलट विचारतो, "त्या विमानाचं इंजिन सुरू कसं होतं, ते सांग." बहुतेकांना सांगता येत नाही. ज्याला सांगता येतं, किंवा जो "शोधून सांगतो" म्हणतो, त्याच्याशी मी पुढे बोलतो.

मी भारतीय हवाई दलाचं कॅनबेरा हे बॉम्बर सिम्युलेटरसाठी तयार करतो आहे. जिंतूरमध्ये संगणकाचं दुकान सांभाळून, संध्याकाळनंतरच्या वेळात हे काम चालतं. ते माणसाकडून काय मागतं, माणूस कुठे अडतो, कुठे फसवला जातो, पैसा आणि उमेद कुठे गळते, हे पुढच्यांना आधीच कळावं म्हणून लिहितो आहे. माझं सांगणं थोडक्यात असं: अशा कामात खरा तपशील म्हणजे विमानाची वागणूक. ते हवेत कसं वागायचं, जमिनीवर कसं वागायचं आणि आत बसलेल्या माणसांना कसं वागवायचं, हे आधी कळलं पाहिजे. खिळे आणि रंग त्यानंतर.

कॅनबेराच का, असंही विचारलं जातं. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचं हे विमान १३ मे १९४९ रोजी पहिल्यांदा उडालं. ब्रिटनचं ते पहिलं जेट बॉम्बर. जानेवारी १९५७ मध्ये भारतानं ५४ बी(आय)५८ बॉम्बर, ८ पीआर५७ टेहळणी विमानं आणि ६ टी४ प्रशिक्षण विमानं मागवली. ११ मे २००७ रोजी आग्र्याला त्यांना निरोप दिला गेला. म्हणजे अर्धं शतक हे विमान आपल्या आभाळात होतं. महाराष्ट्राशी तर त्याचं जवळचं नातं. ३५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची कॅनबेरा विमानं पुण्याच्या लोहगावहून उडत. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्तीच्या कारवाईत विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड बॉम्ब टाकले आणि त्यानंतर आणखी आठ विमानांनी दुसरा हल्ला केला. विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही, अशी आज्ञा होती आणि ती पाळली गेली. एवढा इतिहास असलेलं विमान आपल्या माणसांनी, आपल्या भाषेतल्या आठवणी गोळा करून उभं करावं, असं मला मनापासून वाटलं.

एकच विमान, एकच वर्ष

इंटरनेटवर "कॅनबेरा" असं शोधलं की चित्रांचा ढीग पुढे येतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. ब्रिटिश बी२ वर काचेचा फुगीर घुमट मधोमध दिसतो. आपल्या बी(आय)५८ चं छत्र लढाऊ विमानासारखं, तेही डावीकडे सरकलेलं. पीआर५७ पुन्हा वेगळं. अमेरिकेत मार्टिन कंपनीनं परवान्यावर बांधलेल्या बी-५७ मध्ये दोघं जण एकामागे एक बसतात. पाकिस्तानकडे होतं ते हे विमान. नावाखाली चित्र आहे म्हणून ते आपल्या कामाचं आहे, असं धरून चालू नये.

सगळ्यात मोहात पाडणारा सापळा म्हणजे पीआर९. त्याचंही छत्र डावीकडे सरकलेलं, त्यामुळे बाहेरून ते आपल्या बॉम्बरसारखं वाटतं. त्याचं तयार मॉडेल हाती लागलं, की केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळं रंगवून "भारतीय कॅनबेरा" करून टाकायचा मोह होतो. पण पीआर९ चे पंख जास्त लांब, इंजिनं कितीतरी जास्त ताकदीची, ती सुरू करण्याची पद्धत वेगळी. त्यात नॅव्हिगेटर उघडणाऱ्या नाकात बसतो आणि त्याला बाहेर फेकणारं इजेक्शन सीट आहे. आपल्या बी(आय)५८ मध्ये वैमानिकाला इजेक्शन सीट होतं, नॅव्हिगेटरला नव्हतं. तो नाकाच्या भागात बसायचा, बॉम्ब टाकताना पालथा पडून नेम धरायचा, आणि जिवावर बेतलं तर पॅराशूट बांधून बाजूच्या दारातून उडी घ्यायची. दोन्ही आसनं सारखी दाखवली, तर त्या माणसानं उचललेला धोकाच पुसला जातो. म्हणून म्हणतो, रंग बदलल्यानं विमान बदलत नाही.

विमानाचा प्रकार ठरला की वर्ष ठरवा. मी डिसेंबर १९६१, लोहगाव, एवढंच धरलं. त्यामुळे रेडिओ कोणता, रंग कोणता, धावपट्टी कशी, कोणतं उपकरण तेव्हा आलेलंच नव्हतं, अशा शेकडो प्रश्नांची उत्तरं आपोआप आखली गेली. पन्नास वर्षांच्या सेवेत विमानाची उपकरणं आणि रंग बदलत जातात. १९६१ च्या विमानात नव्वदच्या दशकातलं यंत्र बसवलं, तर जाणकार वैमानिकाला ते पहिल्या मिनिटात दिसतं.

पहिलंच काम असेल तर चार इंजिनांचं बॉम्बर घेऊ नका. लिबरेटर ह्या तसल्या बॉम्बरचाही इतिहास मोह पाडणारा आहे. महायुद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली ती विमानं बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टनं पुन्हा उडती केली आणि हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली. पण चार पिस्टन इंजिनं, त्यांचे टर्बोचार्जर, बंदुकांचे बुरूज आणि मोठं चालकदल यांचा पसारा एकट्यादुकट्याला झेपत नाही. दोन इंजिनांचं, दोन माणसांचं कॅनबेरासुद्धा पुरून उरतं.

पुरावा आधी, मॉडेल नंतर

ब्लेंडर उघडण्याआधी कागद जमवा. ब्रिटनच्या हवाई मंत्रालयानं प्रत्येक विमानासाठी वैमानिकांची माहितीपुस्तिका काढली होती, तिला 'पायलट्स नोट्स' म्हणतात. कोणतं बटण आधी, कोणत्या वेगाला चाकं खाली, एक इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे तीत पायरीपायरीनं दिलेलं असतं. जुन्या पुस्तिकांच्या प्रती कायदेशीररीत्या विकत मिळतात. फक्त आपल्याच प्रकाराची पुस्तिका घ्या. प्रत्यक्ष विमान पाहायचं असेल तर बंगळूरला एचएएलच्या संग्रहालयात कॅनबेरा आहे. भारतीय लिबरेटर दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. जाताना मापाची टेप न्या, आणि फोटो काढताना चौकटीत एक पट्टी दिसेल अशी धरा. पट्टी नसलेल्या फोटोवरून माप काढता येत नाही. संग्रहालयाची परवानगी आधी घ्या. लोहगाव हा आजही हवाई दलाचा चालू तळ आहे. तिथे कुंपणापाशी कॅमेरा घेऊन घुटमळणं हा गुन्हा ठरू शकतो.

कागदापेक्षा दुर्मीळ पुरावा म्हणजे माणसं. आमच्याच तालुक्यात एक निवृत्त वायुसैनिक भेटले. लोहगावला कॅनबेराच्या इंजिनांवर त्यांनी कित्येक वर्षं काम केलं होतं. त्यांच्या ओसरीवर बाजेवर लॅपटॉप ठेवून मी काडतूस पेटवून इंजिन सुरू होण्याचा आवाज ऐकवला. एक मोठा धडाका, मग टर्बाइनची शिट्टी, आणि मागच्या नळकांड्यातून काळा धूर. त्यांनी एकदाच ऐकलं आणि हात वर केला.

"हे तोफ डागल्यावानी झालं बाबा. काडतूस फुटत नसतं, जळत असतं. आधी किंचाळी येती, कान बधिर करणारी. तेवढ्यात इंजिन फिराया लागतं. मग ती किंचाळी खाली बसती अन् इंजिनाचा आवाज वर येतो. दोन्ही एकमेकांत मिसळले पाहिजेत."

"आणि धूर, काका?"

"मागनं कसा येईल? स्टार्टर पुढं, इंजिनाच्या नाकात. धूर पुढच्या बाजूनंच निघणार."

मग त्यांनी हात थ्रॉटलवर ठेवल्यासारखा पुढे धरला आणि हळूहळू सरकवला. कमी फेऱ्यांवर ॲव्हन इंजिनाला घाई चालत नाही, हे सांगायला त्यांना शब्दांची गरज पडली नाही. बी(आय)५८ वर प्रत्येकी साधारण ७,५०० पौंड जोराची दोन रोल्स-रॉइस ॲव्हन इंजिनं होती, आणि तीन काडतुसं मावतील असा स्टार्टर होता. पहिला प्रयत्न फसला तरी आणखी दोनदा संधी. पुस्तिकेत ह्या गोष्टी एका ओळीत उरकतात. त्या हाताच्या हालचालीवरून मी थ्रॉटल आणि इंजिनाच्या फेऱ्या यांच्यामधला उशीर पुन्हा बेतला.

दुसऱ्या भेटीत इंधनाच्या पंपांविषयी विचारायचं ठरलं होतं. त्याआधीच काकांना पक्षाघात झाला आणि बोलणं फार अवघड झालं. पहिल्या दिवशी मोबाइलवर केलेली नोंद, एवढाच त्यांचा ठेवा आता माझ्याकडे आहे. म्हणून सांगतो: पहिल्या भेटीतच, परवानगी घेऊन, सगळं नोंदवा. "तेव्हा कसं वाटायचं?" असं विचारलं की भाषण मिळतं. कॉकपिटचा फोटो मोठ्या कागदावर छापून न्या आणि विचारा, "सकाळी पहिला हात कुठे जायचा? नजर कशावर असायची? काय बिघडायचं? कशाची भीती वाटायची?" बोट फोटोवर फिरू लागलं की आठवणी क्रमानं येतात. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहून ठेवा. आकड्यासाठी पुस्तिका प्रमाण, हाताच्या सवयीसाठी माणूस प्रमाण. आणि जे सांगायला ते कचरतील ते खोदून विचारू नका. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो आणि त्यांची निष्ठा आपल्या छंदापेक्षा मोठी आहे.

गॅलनचा घोळ

आकडे मिळाले म्हणजे काम झालं असं नाही. ब्रिटिश पुस्तिकेतला गॅलन ४.५४६ लिटरचा, सिम्युलेटरच्या फाइलीत भरायचा गॅलन बहुधा अमेरिकन, ३.७८५ लिटरचा. पुस्तिकेतले १,००० गॅलन तसेच्या तसे भरले तर टाकीत प्रत्यक्षात सुमारे ८३३ च पडतात. वजनातही तोच फरक. जेटचं केरोसीन ब्रिटिश गॅलनला सुमारे ८ पौंड, अमेरिकन गॅलनला सुमारे ६.७ पौंड. म्हणजे दर हजार गॅलनमागे तेराशे पौंड वजन गायब. विमान हलकं होतं, लवकर उचलतं, चपळ वाटतं. खेळणारा खूश होतो आणि कॅनबेरा मात्र हरवतं. ही चूक पडद्यावर कुठेच लाल अक्षरांत येत नाही, म्हणून ती जास्त घातक.

उपाय सोपा आहे. एका तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे तीन रकाने ठेवा: मूळ आकडा त्याच्या एककासह, कोणत्या पानावरून घेतला, आणि रूपांतर करून फाइलीत काय भरला. सहा महिन्यांनी "हा आकडा कुठून आला?" असं स्वतःलाच विचारायची वेळ येते, तेव्हा हा तक्ता वाचवतो.

वजन किती याच्याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. धडातल्या टाक्यांमधलं इंधन ज्या क्रमानं संपतं, त्याप्रमाणे गुरुत्वमध्य पुढे-मागे सरकतो. पंखांच्या टोकाला भरलेल्या टाक्या असतील तर विमान कुशीवर वळायला वेळ घेतं आणि वळू लागलं की थांबायलाही. गोव्यावरच्या पहिल्या हल्ल्यातले बॉम्ब बारा विमानांत सारखे वाटले तर प्रत्येकी सव्वापाच हजार पौंड होतात. एवढं वजन पोटातून सुटल्यावर विमानाचा तोल आणि ट्रिम दोन्ही बदलतात. सिम्युलेटरमध्ये बॉम्ब टाकायची सोय ठेवा किंवा ठेवू नका, ओझ्यासह आणि ओझ्याशिवाय अशी दोन्ही उड्डाणं जमली पाहिजेत.

वागणूक कशी बसवायची

आज तीन वाटा मुख्य आहेत. एक्स-प्लेन हे विमानाच्या आकारावरून, पंखाचे छोटे छोटे तुकडे पाडून, हवेचा जोर मोजतं. फ्लाइटगिअर पूर्ण मोफत आणि खुलं आहे. त्यातल्या जेएसबीसिममध्ये कोष्टकं भरून वागणूक ठरवता येते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरकडे ग्राहक जास्त, पण त्याच्या फाइली, नियम आणि आवृत्त्या सांभाळणं हे वेगळं काम. शिकण्यासाठी फ्लाइटगिअर घ्या. पैसा लागत नाही आणि दुसऱ्यांनी काय लिहिलं आहे ते उघडून वाचता येतं.

विमान आधी करड्या ठोकळ्याच्या रूपात उडवा. खिडक्या नकोत, रंग नको. त्याच्याकडून चार गोष्टी करून घ्या.

पहिली, नियंत्रणांचा जडपणा. कॅनबेराची नियंत्रणं हातानंच ओढायची होती. हायड्रॉलिकची मदत नव्हती, स्प्रिंग टॅबनं थोडा हातभार लागायचा. वेग वाढला की दांडा जड होणार. घरातल्या जॉयस्टिकला तो जडपणा कळत नाही, म्हणून वेगानुसार पृष्ठांचं वळण कमी करणारं कोष्टक भरावं लागतं. ते नसेल तर बॉम्बर लढाऊ विमानासारखं नाचू लागतं.

दुसरी, फ्लॅप. कॅनबेराचे फ्लॅप एकतर पूर्ण वर, नाहीतर पूर्ण खाली. मधली पायरी नाहीच. आधुनिक विमानांच्या सवयीनं कोणी चार पायऱ्या ठेवतो आणि उतरण्याची सगळी पद्धतच खोटी पडते.

तिसरी, एका इंजिनावरचं उड्डाण. दोन्ही इंजिनं धडापासून लांब, पंखांत. एक बंद पडलं आणि वेग कमी असताना दुसऱ्याला पूर्ण जोर दिला, तर रडर पूर्ण दाबूनही विमान आवरत नाही. ते कुशीवर लोळतं. ह्याच प्रसंगाचा सराव करताना जगभर कॅनबेराचे अपघात झाले, माणसं गेली. आपलं मॉडेल ह्या परीक्षेत शांतपणे सरळ उडत राहिलं, तर ते नापास आहे असं समजा. सुरुवातीच्या वर्षांत शेपटीचा ट्रिम आपोआप धावत सुटण्यानंही जीव घेतले. हे बिघाड मॉडेलमध्ये असले पाहिजेत, म्हणजे वैमानिक कशाशी झुंजत होते ते नव्या पिढीला कळतं.

चौथी, ऊन. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. मे महिन्यातल्या चाळीस अंशांत हवा विरळ होते, जोर घटतो, धाव लांबते. डिसेंबरच्या पहाटेचं उड्डाण आणि मेच्या दुपारचं उड्डाण यांत फरक दिसला नाही तर इंजिनाची कोष्टकं पुन्हा तपासा. परभणीच्या उन्हात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

ह्या चारही परीक्षांतून पार पडल्यावर लोहगाव ते दाबोळी उडा. सरळ दक्षिणेला सुमारे साडेतीनशे किलोमीटर, ४०० नॉट वेगानं जेमतेम अर्धा तास. निघताना इंधन किती, पोहोचताना किती, उतरताना वेग किती, हे पुस्तिकेशी ताडून पाहा. जुळलं की मगच रंगाचा डबा उघडा.

रूप: कुठे थांबायचं

रूपाचं काम लवकर दिसतं, म्हणून सगळे तिथेच धावतात. पण ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत जागा मर्यादित असते. ४,०९६ × ४,०९६ पिक्सेलचं एक टेक्श्चर दाबून न बसवता ६४ एमबी खातं, नीट दाबलं तर १६ एमबी. कॉकपिट, धड, पंख, चाकांचे खण यांच्यासाठी अशी टेक्श्चर्स आणि प्रत्येकासोबत उठाव नि चकाकी दाखवणारे आणखी थर असं करत गेलं, की साध्या ग्राफिक्स कार्डाचा जीव घुसमटतो. प्रत्येक खिळा स्वतंत्र घडवू नका. तो उठावाच्या नकाशात दाखवा. घडवायचं ते तिथेच, जिथे वैमानिकाचा हात आणि नजर पोहोचते: थ्रॉटलच्या मुठी, दांडा, इंधनाचे काटे, चाकांचं बटण, नॅव्हिगेटरची पालथं पडायची जागा. विमान लांब गेलं की साधं होत जाणारी दोन-तीन रूपं सुरुवातीपासून करा. शेवटी करू म्हटलं की ती होत नाहीत. स्वस्त संगणकावर तपासणी करत राहा. आपले ग्राहक आपल्यासारखेच आहेत. दीड लाखाचं कार्ड सगळ्यांकडे नसतं.

विकत घेतलेलं मॉडेल आणि न लिहिलेला करार

आता दोन कडू अनुभव. वेळ वाचवायला मी आणि ह्या कामातल्या माझ्या सहकाऱ्यांनी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आसनाचं आणि काट्यांचं तयार मॉडेल रीतसर पैसे देऊन घेतलं. कॉकपिट त्याच्याभोवती बरंचसं उभं राहिल्यावर कळलं, की ते दुसऱ्याच कोणाच्या खेळातून उचललेलं होतं. विक्रेता गायब, पैसे गेले, आणि कॉकपिटचा तेवढा भाग मोडून नव्यानं करावा लागला. म्हणून विकत घेताना पावतीसोबत मूळ ब्लेंडर फाइल मागा, काम होत असतानाच्या अवस्था मागा. ज्यानं खरंच घडवलं त्याच्याकडे त्या असतात. फक्त अंतिम फाइल देणाऱ्याकडून घेऊ नका. फोटोंचंही तसंच. भारतात फोटोचा कॉपीराइट सर्वसाधारणपणे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं चालतो. जुना दिसतो म्हणून तो सगळ्यांचा होत नाही. फ्लाइटगिअरमधला भाग जीपीएल परवान्याखाली असतो. तो आपल्या विमानात घालून वाटलं, तर त्याच परवान्याच्या अटी आपल्यालाही पाळाव्या लागतात. फुकट मिळालं म्हणजे बंद करून विकता येतं, असं नाही.

दुसरा अनुभव भागीदारीचा. आवाज आणि कोड सांभाळणारा एक सहकारी मध्येच बाहेर पडला आणि आपल्या वाट्याच्या मूळ फाइली सोबत घेऊन गेला. भांडण झालं नाही; त्याच्या दृष्टीनं त्या त्याच्याच होत्या, आणि कागदावर तसं काहीच नव्हतं. मैत्रीत कागद कशाला, असं आपल्याकडे पटकन म्हटलं जातं. उलट मैत्री टिकावी म्हणूनच कागद करा. एक पान पुरतं: कोण काय करणार, फाइली कोणाच्या, कोणी सोडून गेला तर त्याचं काम वापरता येईल का, पैसे आले तर वाटणी कशी, नाव कोणाचं आणि कुठे. सगळ्यांच्या सह्या घ्या आणि एकेक प्रत प्रत्येकाकडे ठेवा.

वीज, धूळ आणि प्रती

पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या मार्गदर्शनात हे सापडत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट जाते, आणि येते तेव्हा दाब वर-खाली होत येते. अशाच एका झटक्यात माझी हार्ड डिस्क गेली. यूपीएस आणि स्टॅबिलायझर हा ह्या धंद्यातला पहिला खर्च धरा, ग्राफिक्स कार्ड त्यानंतर. दर महिन्याला पंखे आणि जाळ्या साफ करा. धुळीनं कार्ड तापतं आणि आपोआप मंद होतं, आणि आपण समजतो मॉडेलच जड झालं.

प्रतींचा नियम साधा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. माझी तिसरी प्रत परभणीला नातेवाइकांकडे असते. फाइलीच्या नावात "फायनल", "नवं फायनल" असं लिहू नका, तारीख लिहा. थर असलेली मूळ चित्रं जपा, कारण सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली की सगळं पुन्हा बाहेर काढावं लागतं. मायक्रोसॉफ्टचं २०२० चं सिम्युलेटर आलं, मग २०२४ चं. दोन्हींत उत्तम चालणारं विमान एका दमात होत नाही. मूळ फाइली शाबूत असतील तर ते महिन्यांचं काम आठवड्यांत होतं.

पैसा, आणि सुरुवात कुठून

हे काम पैशासाठी सुरू करू नका. एवढी मेहनत घेतलेलं विमान जगातल्या मोजक्या शौकिनांना हवं असतं. नोकरी किंवा दुकान सोडून त्यावर घर चालवण्याचा बेत करू नका. घरच्यांशी आधी बोला, आठवड्यातले किती तास आणि वर्षाला किती रुपये, हे त्यांच्यासमोर ठरवा. पण त्यातून जे हाती लागतं ते भक्कम असतं: त्रिमिती मॉडेल, कोड, ध्वनी, हवेचं गणित. ह्या कौशल्यावर आमच्या भागातल्या मुलाला गेम आणि प्रशिक्षणाच्या क्षेत्रात काम मिळू शकतं, आणि दाखवायला त्याच्याकडे पूर्ण केलेली वस्तू असते. म्हणून छोटं घ्या, पण पूर्ण करा. फक्त इंजिन सुरू होण्याचा क्रम हुबेहूब करा आणि तो लोकांना दाखवा. मग टाक्या, मग उड्डाण, मग कॉकपिट.

आणि ह्या सगळ्याच्या आधी एक काम आहे, त्याला ब्लेंडरही लागत नाही. कॅनबेरा सेवेतून जाऊन पुष्कळ वर्षं झाली. १९६१ ला जे तरुण होते ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. नव्वदच्या दशकात लोहगावला हातोडी-पाना धरणारेही आता निवृत्त होऊन गावी परतले आहेत. त्यांतले किती तरी मराठवाड्यातल्या खेड्यांत, शेताच्या बांधावर भेटतील. बहुतेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय असतं, माजी सैनिकांच्या संघटना असतात. तिथे जा, नम्रपणे ओळख सांगा, ज्यांना बोलायचं आहे त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचवा. त्यांचं बोलणं त्यांच्याच भाषेत नोंदवा, तारीख घाला, प्रत त्यांच्या घरी द्या. तुमचं मॉडेल अर्धवट राहिलं तरी ती नोंद वाया जाणार नाही. तिच्यावरून दुसरा कोणी विमान पूर्ण करील. ती नोंद नसेल, तर कितीही देखणं मॉडेल केलं तरी काडतूस जळतं की फुटतं, हे सांगायला कोणी उरणार नाही. म्हणून ह्या रविवारी मोबाइल चार्ज करा आणि आधी अशा एखाद्या निवृत्त वायुसैनिकाच्या घरी जा.